वाचकांचे प्रश्न : मे महिन्यातली भटकंती आणि चावणारे जीव

सुट्टीतल्या भटकंतीबद्दलच्या पत्रांत तक्रार बहुतेक एकच असते : सगळं सोबत नेलं होतं, तरी चावले. काय नेलं यापेक्षा ते कुठे, किती आणि कधी वापरलं यावर खालची उत्तरं जास्त बोलतात.

प्रश्न : आम्ही चार जण दोन दिवस गडावर राहिलो. संध्याकाळी सगळ्यांनी डासांचं क्रीम लावलं, तरी तासाभरात चावायला सुरुवात झाली. क्रीम बनावट असेल का? (नाशिक)

बनावट असण्यापेक्षा कमी लावलं असण्याची शक्यता कितीतरी जास्त. प्रयोगशाळेत अशा औषधांची परीक्षा घेतात तेव्हा कोपरापासून मनगटापर्यंतच्या एका हाताला साधारण १ मिलि औषध लावतात. आपण बोटावर वाटाण्याएवढा गोळा घेतो आणि तो दोन्ही हातांना पुरवतो. वाटाणा म्हणजे जेमतेम पाव मिलि. एका हाताला चार वाटाणे लागतात, हे एकदा डोळ्यांनी मोजून बघा म्हणजे हिशेब कळेल. दोन्ही हातांना २ मिलि, गुडघ्याखालचे पाय आणि पावलं मिळून ४, मान आणि कानांना १, असं धरलं तर एका माणसाला एका वेळी ७ मिलि. ५० ग्रॅमची ट्यूब एकट्याला सात वेळा पुरेल. चौघांत एक ट्यूब नेली असेल तर पहिल्याच संध्याकाळी ती अर्ध्यावर यायला हवी होती. आली नसेल तर क्रीमचा दोष नाही.

दुसरी गोष्ट सुटलेल्या जागांची. औषधाचा पहारा त्वचेपासून काही सेंटिमीटरच असतो, शेजारची जागा तो राखत नाही. डास मोकळी जागा शोधतो आणि ती नेहमी त्याच ठिकाणी सापडते : बुटाच्या वर घोट्याची पट्टी, कोपराची मागची बाजू, गुडघ्याची मागची लवण, कानाची पाळी, चप्पल घातली असेल तर पाऊल. पातळ, अंगाला चिकटलेल्या टी-शर्टातूनही डास चावतो, म्हणून पाठ आणि खांद्यांसाठी सैल, लांब बाह्यांचा सुती शर्टच बरा. रंग फिका असावा. गडद रंगाकडे डास जास्त वळतात.

तिसरी गोष्ट घामाची. आपल्याकडे दुकानांत सर्रास मिळणाऱ्या क्रीममध्ये बहुधा डायइथिल बेंझामाइड असतं, १२ टक्क्यांच्या आसपास. वेष्टनावर लिहिलेले तास घरात बसलेल्या माणसासाठी असतात, मे महिन्यात गड चढणाऱ्यासाठी नाहीत. तोंड-हात धुतले किंवा घामाने निथळलात की पुन्हा लावायचं. एरवी तीन-चार तासांनी. डीट असलेलं औषध घेतलंत तर टक्केवारी बघा. १० टक्के साधारण दोन तास टिकतं, २० ते ३० टक्के चार-पाच तास. ५० टक्क्यांच्या वर गेल्याने फारसा फायदा वाढत नाही, त्वचेला त्रास मात्र वाढतो.

उन्हाचं क्रीमही लावत असाल तर ते आधी. पंधरा-वीस मिनिटं मुरू द्या, मग डासांचं. उलट क्रमाने लावलं तर दोन्ही वाया. दोन्ही एकत्र असलेली ट्यूब घेऊ नका, कारण उन्हाचं क्रीम दर दोन तासांनी लावावं लागतं आणि डासांचं तितक्या वेळा लावू नये. रात्री जाळीत शिरण्याआधी साबणाने धुऊन टाका.

लसूण खाणं, ब जीवनसत्त्वाच्या गोळ्या, मनगटावरचे सुगंधी पट्टे, डास पळवणारा आवाज काढणारं मोबाइलमधलं ॲप यांतलं काहीही उपयोगी नाही. सिट्रोनेलाचं तेल थोडा वेळ चालतं, पण बऱ्याचदा तासभरही पुरत नाही.

प्रश्न : परदेशातून आलेल्या पाहुण्यांनी दिलेला डीटचा स्प्रे मारला, तर घड्याळाची काच धुरकट झाली. मग त्वचेचं काय होत असेल? (ठाणे)

डीट हे काही प्लॅस्टिकांना विरघळवतं. घड्याळाची प्लॅस्टिकची काच, गॉगलची काडी, पेन, मोबाइलचं कव्हर, ताणले जाणारे व्यायामाचे कपडे आणि रेयॉन यांना ते लागू देऊ नये. सुती, लोकरी आणि नायलॉन कापडाला काही होत नाही. त्वचा प्लॅस्टिक नाही. अखंड त्वचेवर, सांगितल्या प्रमाणात ते १९५० च्या दशकापासून लोक वापरत आले आहेत. लावून झाल्यावर तळहात मात्र पुसा, बहुतेक नुकसान तळहातांतूनच होतं. वस्तूंचीच चिंता असेल तर २० टक्के पिकारिडिन घ्या (वेष्टनावर कधी ‘इकारिडिन’ असंही लिहिलेलं असतं). ते डासांवर तितकंच चालतं, वास जवळजवळ नाही आणि प्लॅस्टिकला धक्का लावत नाही.

प्रश्न : आठ महिन्यांचं बाळ आणि चार वर्षांची मुलगी सोबत आहेत. त्यांना काय लावावं? (पुणे)

दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला काहीच लावायचं नाही, फक्त जाळी. आठ महिन्यांच्या बाळालाही पहिला उपाय जाळीच. बाबागाडीवर किंवा झोळीवर कडा रबरी असलेली बारीक जाळी, आणि हातपाय झाकणारे सैल कपडे. उघड्या राहिलेल्या जागी थोडं क्रीम चालतं, पण वेष्टनावरची वयाची अट वाचून. मुलांना क्रीम मोठ्याने स्वतःच्या तळहातावर घेऊन लावावं. मुलांच्या हाताच्या पंजांना लावू नये, कारण ते हात तोंडात आणि डोळ्यांत जातात. डोळे-तोंडाभोवती, खरचटलेल्या जागी आणि कपड्यांच्या आत लावू नये. लिंबाच्या वासाच्या निलगिरीचं तेल असलेली उत्पादनं ‘नैसर्गिक’ म्हणून आयांना आवडतात, पण ती तीन वर्षांच्या आतल्या मुलांसाठी नाहीत. तुमच्या मुलीला चालतील, बाळाला नाही.

प्रश्न : तंबूत कॉइल लावली तर चालते का? (कोल्हापूर)

नाही. तंबूचं कापड निखाऱ्याने क्षणात वितळतं आणि पेटतं, आणि बंद तंबूत धूर कोंडून राहतो. बाहेर ठेवली तरी उघड्यावर वारा धूर नेतो, त्यामुळे उपयोग जेमतेम.

तंबूत डास येतात ते आपणच घेतो. संध्याकाळी दार उघडं, आत बॅटरी लावलेली, आणि दोघंजण बॅगा आत-बाहेर करत असतात. उजेड असतानाच सामान आत टाका आणि जाळीची चेन लावून घ्या. नंतर ये-जा करताना बॅटरी विझवा, चेन फक्त शिरण्याइतकी उघडा. आत गेल्यावर बॅटरीच्या उजेडात कोपरे तपासा, दोन-तीन डास हमखास छताच्या शिवणीवर बसलेले दिसतात. आणि झोपेत कोपर किंवा गुडघा जाळीला टेकला तर डास बाहेरूनच चावतो. म्हणून अंथरूण मधोमध घाला.

तंबू कुठे लावता याला जास्त महत्त्व आहे. गडावर पाण्याच्या टाक्याशेजारी सोय वाटते, पण डासांची पैदास तिथेच. टाक्यापासून शक्य तितकं लांब, वारा लागणाऱ्या सोंडेवर किंवा माचीवर लावा. वाऱ्यात डासाला उडता येत नाही. टाक्यात वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या म्हणून कुणी त्यात रॉकेल किंवा जंतुनाशक ओतू नये. ते पाणी मागून येणारा माणूस आणि गुरं पिणार असतात. अळ्या चार पदरी कापडातून गाळल्या जातात, पाणी मग उकळून घ्यावं.

प्रश्न : गडावरच्या गुहेत झोपलो, सकाळी घोट्यांवर रांगेत लाल ठिपके. गुहेत तर कुणी नव्हतं, कुत्रं नाही की गुरं नाहीत. मग पिसवा आल्या कुठून? (सातारा)

गुहा रिकामी होती म्हणूनच. पिसवेची अळी कोश करते आणि आतली पिसू बाहेर न येता आठवडे, कधी महिने वाट बघत बसते. पावलांचा हादरा, अंगाची ऊब आणि श्वासातला कार्बन डायऑक्साइड जाणवला की कोश फुटतो. पावसात तिथे गुरं बसलेली असतात, नंतर कुत्री. मे महिन्यात तुम्ही पाठपिशवी टेकवता आणि त्यांची वाट बघणं संपतं.

झोपायच्या आधी तपासून घ्या. गुडघ्यापर्यंतचे पांढरे मोजे घाला, गुहेत पाच मिनिटं पाय आपटत फिरा आणि बाहेर उजेडात येऊन मोजे बघा. तिळापेक्षा बारीक, तपकिरी, चपटे ठिपके दिसले आणि बोट नेताच उडाले तर तिथे झोपू नका. संशय असेल तर पसरट ताटलीत पाणी घ्या, त्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाका, मधोमध मेणबत्ती उभी करून ताटली जमिनीवर ठेवा. पिसवा उजेडाकडे उडी मारतात. साध्या पाण्यावर त्या तरंगतात, साबणाच्या पाण्यात बुडतात. दोन तासांत तीन-चार बुडालेल्या दिसल्या तर गुहा सोडा. मेणबत्तीजवळ पेंढा किंवा वाळलेलं गवत नसावं, हे सांगायला नकोच.

पर्याय दोन. एक, तळ शिवलेला तंबू, चेन पक्की लावून. दुसरा, दिवसभर उन्हात तापलेला उघडा कातळ. पिसवेच्या अळीला ओल आणि सावली लागते, तापलेल्या कातळावर ती जगत नाही. गुहेत कुणीतरी पसरून ठेवलेला पेंढा गादीसारखा वाटतो, त्यावर अजिबात झोपू नका. फवारा मारून फारसं साधत नाही, कोशाच्या आत औषध पोचत नाही. आणि पायथ्याच्या गावातून सोबत आलेलं कुत्रं कितीही गोड असलं तरी त्याला आपल्या चटईवर बसवू नये. ते बिचारं पाहुणे घेऊनच आलेलं असतं.

घरी आल्यावर कपडे थेट गरम पाण्यात. पिशवी आणि अंथरूण काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून दुपारभर उन्हात ठेवा.

प्रश्न : मे महिन्यात दोडामार्गला गावी जाणार आहोत. मुलांना काजूच्या बागेत आणि मागच्या रानात जायचं असतं. माकडतापाची भीती घातली जाते. जायचंच नाही का? आणि गुरांवर मारायचं गोचिडांचं औषध कपड्यांवर मारलं तर? (मुंबई)

जा, पण तयारीनिशी. हा रोग १९५७ साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा ओळखला गेला. गोव्यात सत्तरीत २०१५ मध्ये आणि सिंधुदुर्गात बांदा-दोडामार्ग भागात २०१६ मध्ये त्याची साथ आली. विषाणू गोचिडीतून माणसात जातो. माणसाकडून माणसाला होत नाही. गोचिडीचं पिल्लू पावसाळा संपल्यावर वाढतं आणि नोव्हेंबर ते मे हा त्याचा काळ. काजू गोळा करण्याचा हंगामही नेमका त्यातच येतो, म्हणून बागेत काम करणाऱ्यांना तो जास्त होतो.

पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढं असतं, हीच खरी अडचण. मोठी गोचीड हाताला लागते, हे दिसत नाही आणि चावताना दुखतही नाही. ते उडत नाही, झाडावरून अंगावर पडत नाही. गवताच्या किंवा पातेऱ्याच्या टोकावर पुढचे पाय पसरून बसतं आणि पाय घासून गेला की चिकटतं. त्यामुळे सगळा बंदोबस्त खालून वर.

फिक्या रंगाची पूर्ण पँट, तिचे पाय मोज्यांत खोचलेले, बूट बांधलेले. दिसायला विचित्र दिसतं, मुलं कुरकुर करतील. शर्ट पँटमध्ये खोचलेला. पायांना, कमरेला आणि हातांना डीट किंवा डेपा असलेलं औषध. डेपा ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेत तयार झालं आणि कर्नाटकात जंगलात जाणाऱ्यांना त्याचं तेल वाटलं जातं. पातेऱ्यावर बसायचं नाही, जाजम घालूनही नाही. बसायचं तर कातळावर. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जायचं नाही, मुलांना तर नाहीच. मेलेल्या माकडाच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरून आसपास पसरतात. ग्रामपंचायतीला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा.

गुरांच्या औषधाबद्दल : नको. ते जनावराच्या अंगावर ठरावीक प्रमाणात लावण्यासाठी असतं. अंदाजाने पातळ केलेलं द्रावण घामाने ओल्या कपड्यातून दिवसभर त्वचेला लागत राहतं. कपड्यांसाठीच केलेला ०.५ टक्के पर्मेथ्रिनचा फवारा मिळतो, तो वापरा. कपडे अंगावर नसताना, मोकळ्या हवेत दोरीवर टांगून, ओलसर होईपर्यंत दोन्ही बाजूंनी मारायचा आणि पूर्ण वाळवायचा. पाच-सहा धुण्यांपर्यंत टिकतो. त्वचेवर कधीही मारायचा नाही. घरात मांजर असेल तर ओले कपडे तिच्यापासून लांब, मांजराला ते विषारी आहे.

रानातून आल्यावर कपडे अंगणातच उतरवा आणि उकळत्या पाण्यात टाका. गार पाण्यात, साबणातही, गोचीड मरत नाही. दोन तासांच्या आत अंघोळ, आणि अंघोळीत हाताने चाचपून बघणं : कानामागे, केसांच्या कडेला, काखेत, बेंबीत, कमरेच्या नाडीखाली, जांघेत, गुडघ्यामागे. मुलांचं मोठ्यांनी बघावं.

चिकटलेली सापडली तर टोकदार चिमटा घ्या, भुवया कोरायचा चालतो. गोचिडीचं पोट नव्हे, तोंड पकडायचं, त्वचेला अगदी लागून. मग सरळ वर, एकसारखा ताण देत ओढायचं. पीळ नाही, झटका नाही. रॉकेल, खोबरेल, चुना, पेटती काडी यांतलं काही लावायचं नाही. त्याने गोचीड सुटण्याऐवजी पोटातला ऐवज जखमेत ओकते. बोटाने चिरडूही नका. तोंडाचा तुकडा आत राहिला आणि सहज निघत नसला तर राहू द्या, त्वचा तो बाहेर टाकते. जागा साबणाने धुवा. गोचीड चिकटपट्टीत गुंडाळून फेका आणि तारीख लिहून ठेवा.

तारीख यासाठी की माकडताप चावल्यानंतर ३ ते ८ दिवसांत येतो. अचानक मोठा ताप, कपाळ फुटेल अशी डोकेदुखी, अंग मोडून येणं, कधी उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त. तोपर्यंत तुम्ही मुंबईला परतलेले असाल आणि तिथला डॉक्टर आधी डेंग्यूचाच विचार करेल. ‘दोडामार्गच्या रानात गेलो होतो’ हे पहिलं वाक्य सांगा. तपासणी होईपर्यंत तापाला फक्त पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन नको, रक्तस्रावाचा धोका वाढतो. ताप उतरला म्हणून सुटलो असंही नाही, काहींना आठवड्या-दोन आठवड्यांनी तो पुन्हा येतो.

प्रश्न : चावल्यावर चुना, टूथपेस्ट की कांदा? (लातूर)

चुना अजिबात नाही, तो त्वचा भाजतो. टूथपेस्टने गार वाटतं ते पुदिन्याच्या अर्काने, औषध म्हणून नव्हे. कांद्याने डोळ्यांत पाणी येण्यापलीकडे काही होत नाही.

खाज सुटते ती किड्याच्या लाळेला आपल्या शरीराने दिलेल्या प्रतिसादामुळे. खाजवलं की ती वाढते आणि नखांतल्या जंतूंना वाट मिळते. साबणाने धुऊन दहा मिनिटं गार पाण्याची पट्टी, मग कॅलामाइन लोशन. खाज फारच असेल तर १ टक्का हायड्रोकॉर्टिसोन दिवसातून दोनदा, फार तर तीन-चार दिवस, फुटलेल्या त्वचेवर नाही. रात्री झोप येत नसेल तर मोठ्यांना सेट्रिझिन १० मिग्रॅ. मुलांचा डोस डॉक्टरांना विचारून. दोन दिवसांनी जागा जास्त लाल, गरम, दुखरी झाली किंवा पू धरला तर घरगुती उपाय थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. नखं कापूनच सहलीला निघावं, हा उपाय कुणी विचारत नाही पण मुलांत सगळ्यांत जास्त उपयोगी पडतो.

प्रश्न : कड्यावर आग्या मोहोळ दिसलं तर पुढे जावं का? (अहिल्यानगर)

ही माशी चावत नाही, डंख मारते, पण प्रश्न रास्त आहे. मोहोळ लांबून दिसलं तर वाट बदला, नाहीतर परत फिरा. खाली शेकोटी नको, आरडाओरडा नको, अत्तर किंवा वासाचा स्प्रे मारून जायचं नाही, आणि कुणी दगड भिरकावत असेल तर आधी त्याचा हात धरा.

उठलंच तर हात झाडायचे नाहीत. ओढणी, जॅकेट, पिशवी जे असेल त्याने डोकं-तोंड झाका आणि मोहोळापासून दूर निघा. काही शे मीटर तरी. पण कड्याच्या वाटेवर आंधळेपणाने धावू नका, तिथे डंखापेक्षा पडण्याची भीती मोठी. पाण्यात उडी मारू नये, माश्या वर घिरट्या घालत राहतात. बंद गाडी किंवा तंबू जवळ असेल तर आत.

सुरक्षित जागी पोचताच काटे काढा. नखाने खरवडा किंवा चिमटीने ओढा, पद्धतीपेक्षा वेग महत्त्वाचा, कारण काट्यासोबतची विषाची पिशवी पहिल्या मिनिटात रिकामी होते. त्या जागेतून पिकलेल्या केळ्यासारखा वास येतो, तो बाकीच्या माश्यांना बोलावणं असतो. अंगभर गांधी उठणं, ओठ किंवा जीभ सुजणं, आवाज घोगरा होणं, धाप, चक्कर यांतलं एकही दिसलं तर १०८ ला फोन, एकाही डंखावर. लहान मुलाला दहाहून किंवा मोठ्याला वीस-पंचविसाहून जास्त डंख असतील तर बरं वाटत असलं तरी दवाखान्यात न्या. जास्त विषाचा मूत्रपिंडावर परिणाम काही तासांनी दिसतो.

प्रश्न : आंब्यावर चढताना लाल मुंग्या तुटून पडतात. काय लावून चढावं? (रत्नागिरी)

ओंबील, किंवा सिंधुदुर्गात म्हणतात ते हुमले. ते जबड्याने धरतात आणि जखमेत फॉर्मिक आम्ल सोडतात, आग त्याची असते. पाने विणून केलेलं घरटं फांदीवर दिसत असेल तर त्या फांदीला हात लावू नका, खालून आकडीने आंबे काढा. अंगावर चढलेच तर चापट मारायची नाही, झटकून टाका. शर्ट काढून झटकावा लागतो, ते कॉलरमध्ये शिरतात. नंतर भरपूर पाणी आणि साबण. डासांचं क्रीम लावून चढल्याने त्यांना फारसा फरक पडत नाही.